स्कॅनर कधी वापरावा आणि बफर्डरीडर कधी?

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत इनपुट वाचणारा स्कॅनर हा क्लास असताना बफर्डरीडर (मजकूर ओळीओळीने वाचणारा) आणि स्ट्रिंगटोकनायझर (ओळीचे तुकडे पाडणारा) कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे उत्तर इनपुट कसे येते यावर अवलंबून आहे. २००४ साली जावा ५ सोबत आलेला स्कॅनर मजकूर वाचतो आणि त्याचे तुकडे पाडून ते संख्येत रूपांतरितही करतो, त्यामुळे कीबोर्डवरून दोन-चार मूल्ये घ्यायची असतील तर तोच सोयीचा. मात्र त्याचे अंतर्गत काम रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातले नमुने शोधण्याच्या पद्धतीवर) चालत असल्यामुळे लाखो ओळींच्या फाइलसाठी तो संथ पडतो. तिथे बफर्डरीडरने ओळ वाचून ती स्वतः फोडणे केव्हाही बरे.

नवशिक्यांना सर्वाधिक छळणारी अडचण मात्र वेगाची नसते. वापरकर्ता ४२ टाइप करून एंटर दाबतो, स्कॅनरची पूर्णांक वाचणारी नेक्स्टइंट ही मेथड फक्त ४२ उचलते आणि ओळीच्या शेवटाचे चिन्ह तिथेच राहते; त्यामुळे समजा पुढच्या ओळीत नाव घ्यायचे असेल, तर लगेच पुढे लिहिलेली, पूर्ण ओळ वाचणारी नेक्स्टलाइन नावासाठी न थांबता रिकामी स्ट्रिंग (मजकूर) परत करते. म्हणून मी नेहमी पूर्ण ओळ वाचून मगच तिचे पूर्णांकात रूपांतर करण्याचा आग्रह धरतो.

स्ट्रिंगटोकनायझर नव्या कोडमध्ये वापरू नये, असे जावाचे अधिकृत दस्तऐवजही सुचवतात. स्वल्पविरामावर तोडायला सांगितले, तर ‘अ,,ब’ या ओळीतून तो दोनच तुकडे देतो, तर स्ट्रिंगची स्प्लिट ही मेथड मधल्या रिकाम्या तुकड्यासह तीन देते. स्वल्पविरामांनी विभागलेल्या नोंदींत हा फरक घातक ठरतो, कारण एक रकाना गळला की पुढची सगळी मूल्ये चुकीच्या जागी जातात. ओळीच्या शेवटचे रिकामे रकाने मात्र स्प्लिटही टाकून देते. तेही हवे असतील तर स्प्लिटला मर्यादा (लिमिट) म्हणून उणे एक द्यावे.