मुलाची ग्रोथ हॉर्मोनची दुसरी चाचणी करावी का?

मुलगा ९ वर्षांचा, उंची ११७ सेंमी. वाढीच्या तक्त्यावर तिसऱ्या पर्सेंटाइलच्या (सगळ्यात खालच्या) रेषेच्याही खाली. तेवढ्याने मी घाबरले नसते, पण वर्षभरात तो जेमतेम साडेतीन सेंमी वाढलाय. या वयात वर्षाला ५ तरी हवेत, म्हणून मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञांकडे गेलो.

थायरॉइड, सिलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आतड्याचा आजार) नॉर्मल. डाव्या हाताच्या एक्स-रेवर हाडांचं वय ७ आलं. आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनमुळे शरीरात तयार होणारं द्रव्य) कमी. मग क्लोनिडीन चाचणी झाली, म्हणजे औषध देऊन ग्रोथ हॉर्मोन किती वाढतं ते बघतात. उपाशीपोटी गोळी, हाताला सुई लावून ठेवलेली, दर अर्ध्या तासाने रक्त. बीपी उतरलं, पोर दुपारभर ग्लानीत होतं. सगळ्यात वरचा आकडा ८.२, आमच्या लॅबप्रमाणे किमान १० हवा. आता डॉक्टर म्हणतात, ग्लुकॅगॉन देऊन दुसरी चाचणी केल्याशिवाय निदान करणार नाही.

माझं मन धजत नाही. दोन्ही रिपोर्ट कमी आलेत, मग थेट ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शनं का नाहीत? आणि ह्याचे बाबाही कॉलेजात गेल्यावर उंच झाले. त्याचा काही संबंध असतो का?

प्रतिसाद १:
ताई, दुसरी चाचणी टाळू नका. हे हॉर्मोन मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून थांबून थांबून सुटतं, जास्त करून गाढ झोपेत. म्हणून औषधाने मुद्दाम चेतवून मोजतात, आणि तरी एखाद्या दिवशी निरोगी मुलाची ग्रंथीही दाद देत नाही. माझ्या मुलीचा पहिला आकडा ६ होता, दुसऱ्या चाचणीत १४ आला. तिला कमतरता नव्हतीच. आयजीएफ-१ तर नीट न जेवणाऱ्या मुलांमध्येही कमी येतं.

बाबांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. उशिरा वयात येणाऱ्या मुलांची हाडंही अशीच मागे असतात. पण त्यांचा वेग बहुधा ठीक असतो, म्हणून तुमचे साडेतीन सेंमी मला खटकतात. दोन्ही मापं एकाच ठिकाणी घेतली होती का?

ग्लुकॅगॉननंतर उलटी होते, साखर उशिरा उतरू शकते. त्याला जेवू घालून, साखर तपासूनच घरी न्या. दोन्ही चाचण्या कमी आल्या तर पिट्युटरीचा एमआरआय सांगतील. आणि उपचार सुरू झालेच, तरी वाढ पूर्ण झाल्यावर पुन्हा चाचणी होते. बऱ्याच मुलांची तेव्हा नॉर्मल येते.

प्रतिसाद २ (धागाकर्ती):
आत्ता फाइल काढून बघितली. पहिलं माप शाळेतलं आहे, बहुतेक बूट घालून घेतलेलं. दुसरं दवाखान्यातलं. हे कुणी विचारलंच नव्हतं! उद्याच डॉक्टरांना फोन करते, बाबांचंही सांगते. दुसऱ्या चाचणीला तयार आहे.