कॅरॅव्हॅन दारात की भाड्याच्या जागेत?

कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) वापरात नसताना स्वतःच्या दारात ठेवली की जागेचं भाडं वाचतं, हे खरंच. पण ब्रिटनमध्ये आधी घराचं खरेदीखत काढून वाचा. नव्या वसाहतींत कॅरॅव्हॅन उभी करायला मनाई करणारी अट बरेचदा त्यातच असते. भाड्याच्या जागेला 'कासोआ'चा (कॅरॅव्हॅन ठेवायच्या जागांच्या मालकांची ब्रिटनमधली संघटना) गोल्ड दर्जा असेल तर काही विमा कंपन्या हप्त्यात सूट देतात, तेही विचारा.

जागा कुठलीही असो, हिवाळ्याआधी पाणी पूर्ण काढाच. नळाचा दांडा गरम-थंडाच्या मधोमध ठेवून नळ उघडे सोडा, नाहीतर आत अडकलेलं पाणी गोठून नळ तडकतो. सपाट जागी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून हँडब्रेक सोडा. ओढलेला राहिला तर ब्रेक शू (ब्रेकचे दाबले जाणारे भाग) चाकातल्या ड्रमला चिकटतात. ट्रॅकर (चोरी झाल्यास कॅरॅव्हॅन कुठे आहे ते कळवणारं यंत्र) बॅटरी हळूहळू खातो, तिथे मात्र दारातली वीज फार उपयोगी पडते.