इंटर्नशिपचा मुद्दा राहिलाच

ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केला की आहाराचा सल्ला द्यायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात, ते मत मला अजिबात पटत नाही. इंडियन डायटेटिक असोसिएशनच्या 'आरडी' (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षेला पदव्युत्तर शिक्षणाबरोबर रुग्णालयातली सहा महिन्यांची इंटर्नशिपही लागते, ती उगाच नाही.

माझी भाची इंटर्नशिपला इथे पुण्यातच डायलिसिसच्या वॉर्डात होती. एरवी कुणालाही बिनधास्त सुचवावं असं शहाळं तिथे किडनी नीट काम न करणाऱ्या पेशंटना पोटॅशियममुळे धोक्याचं. ते कमी व्हावं म्हणून भाजीसुद्धा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायचं. पुस्तकात हे सगळं असतंच, पण समोर पेशंटचा रिपोर्ट आणि शेजारी काळजीत पडलेले नातेवाईक असले की मगच ते अंगात मुरतं. कोर्स निवडणाऱ्यांनी फीच्या आधी हेच विचारावं: इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात, आणि वॉर्डात की नुसती किचनमध्ये?