ट्रक कॅम्परसाठी सस्पेन्शन: एअरबॅग की जादा पाटे?

भटक्या_डेन्वर: मंडळी, फोर्डचा एफ-१५० पिकअप ट्रक आहे, दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर पेलोड (माणसं-सामान धरून गाडी वाहू शकते ते वजन) १७०० पाउंड. सेकंडहँड कॅम्पर (ट्रकच्या मागच्या हौद्यात बसणारी राहायची केबिन) मिळतोय, रिकामा १९००, मागे एअरबॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) टाकल्या की उचलेल ना?

पानावाला: नाही रे भाऊ. एअरबॅगने गाडीचा मागचा भाग वर येतो, पेलोड वाढत नाही, कारण अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळं जुनंच राहतं. आणि १९०० रिकाम्याचं म्हणतोयस, ३० गॅलन पाणीच अडीचशे पाउंड होतं, वर गॅस, बॅटरी, सामान, तुम्ही दोघं. विक्रेते ड्राय वेट (पाणी-सामानाशिवायचं रिकामं वजन) सांगून मोकळे होतात!

काकू_ऑन_व्हील्स: आमच्याकडे त्याहून दणकट एफ-३५० आहे, स्टिकरच्या आत असूनही वळणावर डोलायची. आधी लोड रेंज ई (जास्त वजन पेलणारे) टायर बघा, मग मागे जाड स्वे बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा), डोलणं त्याने कमी होतं, एअरबॅगने फारसं नाही. जादा पाटा (लीफ स्प्रिंगची जास्तीची पट्टी) स्वस्त पडतो पण कॅम्पर उतरवल्यावर गाडी कडक उडते. एअरबॅगमध्ये हवा कमीजास्त करता येते, हा फायदा खरा, फक्त पूर्ण रिकामी ठेवून चालवू नका, रबर दुमडून फाटतं.

भटक्या_डेन्वर: म्हणजे ट्रकच बदलायचा? बायकोला कोण सांगणार 😅

पानावाला: किंवा हलका पॉप-अप (छत वर उचलता येणारा) कॅम्पर बघ. आधी ट्रक स्टॉपच्या काट्यावर गाडी वजन करून आण, पुढचा-मागचा अ‍ॅक्सल वेगळा कळतो.