गरम इंजिनावर सेल्फ लागत नाही, बॅटरी बदलू की सेल्फ उघडू?

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, दहाएक वर्षं जुनी. सकाळी थंड इंजिनावर पहिल्या सेल्फला सुरू होते. पण तापलेली गाडी बंद केली की पुन्हा चावी फिरवल्यावर नुसतं एक ‘टक’. सेल्फची मोटर फिरतच नाही. अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन निवलं की परत ठणठणीत. परवा पसरणी घाट चढून पाचगणीत चहाला थांबलो आणि तिथेच अडकलो. शेवटी उतारावर ढकलून, सेकंड गिअरमध्ये क्लच सोडून सुरू केली. (हल्ली पार्किंगच्या आधी उतार शोधतो, बायको हसते.)

गॅरेजवाले म्हणतात, बॅटरी गेली. मला पटत नाही. मल्टीमीटरवर रात्रभर उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट येतात, इंजिन चालू असताना १४.१, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. आणि ‘टक’ होतं तेव्हाही बॅटरीवर १२.३ टिकतात, हेडलाइट मंद होत नाहीत. बॅटरी कमजोर असती तर व्होल्टेज धाडकन खाली आलं असतं, बहुतेक ‘कटकटकट’ही ऐकू आलं असतं. इथे सेल्फ करंट ओढतच नाहीये. टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुतली, क्लॅम्प आवळले, फरक नाही.

दोष सोलेनॉइडचा (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच), कार्बनचा (मोटरच्या आतले घासून झिजणारे ब्रश) की अर्थिंगचा (इंजिन ते बॅटरीच्या मायनसची जोडणी), हे सेल्फ न उतरवता कळेल का?

प्रतिसाद १

बॅटरीवर पैसे घालवू नका. आधी ‘टक’ कुठून येतं ते बघा, फ्यूजबॉक्समधला रिले (छोटा विजेवर चालणारा स्विच) पण तसाच वाजतो. सेल्फमधूनच येत असेल तर गाडी अडून बसलेली असतानाच मोजा, निवल्यावर काही सापडायचं नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची केबल बघा. ते ठीक असेल तर सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट मोजा, मायनस पिन इंजिनला लावून. चावी फिरवल्यावर बॅटरीकडच्या बोल्टवर १२ आणि मोटरकडच्यावर शून्य, म्हणजे आतले कॉन्टॅक्ट जळालेत किंवा नीट जुळत नाहीत. दोन्हीकडे १२ असून मोटर गप्प, तर कार्बन संपलेत. सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो, हात जपा.

प्रतिसाद २

सोलेनॉइडला येणारी बारीक वायरही मोजा. चावी फिरवल्यावर तिथे आठ-नऊच व्होल्ट मिळत असतील तर इग्निशन स्विच किंवा रिले तपासा. सोलेनॉइडची कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, ओढ कमी होते. थंडपणी तेवढ्या व्होल्टवर निभावतं, गरमीत नाही. तिथे पूर्ण व्होल्टेज असेल तर सेल्फ उतरवा, पण नवा घेऊ नका. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन कार्बन, बुश आणि सोलेनॉइड बदलून देतो. फक्त आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळालेलं नाही ना, ते त्याच्यासमोर उभं राहून बघून घ्या.