'पुढचं पाठ, मागचं सपाट': नेमकं कधी म्हणायचं?

शंकेखोर: एका दिवाळी अंकासाठी आलेली कथा तपासतोय. कथेतल्या आजोबांना जेवून उठल्यावर तासाभरात जेवल्याचं आठवत नाही. सुनेला विचारतात, "आज पानं घ्यायची नाहीत का?" त्यावर लेखिकेनं लिहिलंय, 'आजोबांचं आताशा पुढचं पाठ, मागचं सपाट झालं होतं.' माझ्या कानाला हे खटकतं, पण का खटकतं ते तिला पटवून देता येत नाहीये. म्हण चुकीच्या जागी पडली आहे का? असेल, तर तिथे काय बसेल?

दिवेलागण: चुकीच्या जागी पडली आहे. म्हणीचा पहिला अर्धा भाग विसरू नका. त्यात कुणीतरी शिकतंय. नवा धडा पाठ झाला आणि तो होता होता जुना गेला, असा प्रकार असेल तरच ही म्हण. तुमच्या आजोबांचं पुढचं काही पाठच होत नाहीये.

आमच्या घरी संध्याकाळी परवचा असायचा. शुभंकरोती झालं की पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. औटकीपर्यंत (साडेतीनचा पाढा, आजच्या मुलांसाठी खुलासा) पोचलं की आजोबा अचानक मागे वळायचे, "बारा साती?" मग मनातल्या मनात बारा एकेपासून गाडी सुरू. चौऱ्याऐंशीवर पोचेपर्यंत त्यांचं वाक्य येऊन आदळायचं, "पुढचं पाठ, मागचं सपाट!" ही म्हण मी कायम शिकणाऱ्यालाच लावलेली ऐकली आहे, विसरभोळ्या म्हाताऱ्याला कधीच नाही.

कारकून: व्याकरणापुरतं बोलतो. इथला 'पाठ' म्हणजे धडा नव्हे आणि शरीराची पाठही नव्हे. 'कविता पाठ आहे' मधला पाठ, विशेषणासारखा वापरलेला. तो लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही: पाढा पाठ, कविता पाठ, स्तोत्र पाठ. 'पुढे पाठ, मागे सपाट' असंही छापलेलं सापडतं. दोन्ही चालतं.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडे 'मांगचं सपाट'. आणि शिक्षणापुरतीच आहे म्हणता, ते काही पटलं नाही. गावातला नवा रस्ता होईस्तोवर जुना उखडला की लोक हेच म्हणतात. नवी सून आली, लेकीचा फोन विसरला, तरी हेच.

दिवेलागण: ते लाक्षणिक झालं, आणि छानच झालं. पण तुमच्या दोन्ही उदाहरणांत नवं काहीतरी आलंच आहे ना? रस्ता आला, सून आली. माझा मुद्दा तेवढाच.

धूळपाटी: मला वाटतं ही म्हण धुळाक्षरांच्या काळातली असावी. पाटावर धूळ पसरायची, बोटानं अक्षर काढायचं आणि पुढचं काढायचं तर हात फिरवून आधी सगळं सपाट करायचं.

कारकून: चित्र म्हणून सुरेख. व्युत्पत्ती म्हणून कुणी पुढे ढकलू नये. पाठ-सपाट हे यमकच म्हण जन्माला घालायला पुरेसं आहे.

गिरमिट: मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे ही म्हण वर्गात दर वर्षी वापरतो. विसरणं म्हणजे आठवण जुनी होऊन झिजणं, असा आपला सर्वसाधारण समज. म्हण वेगळंच सांगते: मागचं गेलं, कारण पुढचं आलं. नेमकं हेच जर्मनीत ग्योटिंगेनला म्युलर आणि पिल्त्सेकर यांनी 1900 साली प्रयोगांतून मांडलं. एक यादी पाठ केल्यावर लगेच दुसरी पाठ करायला दिली, तर पहिली कमी आठवते. मध्ये नुसतं बसू दिलं, तर जास्त. नव्यानं शिकलेलं पक्कं व्हायला थोडा वेळ लागतो, ही कल्पनाही त्यांचीच.

मग प्रश्न आला की मध्ये अगदी काहीच घडलं नाही तर? काहीच घडू न देण्याचा सोपा उपाय म्हणजे झोप. 1924 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करायला लावल्या. कधी त्यानंतर झोपू दिलं, कधी नेहमीसारखं जागं ठेवलं आणि एक, दोन, चार, आठ तासांनी विचारलं. तास तेवढेच, तरी झोपेनंतर बरंच जास्त आठवलं. नुसती झीज असती तर दोन्हीकडे सारखं निघायला हवं होतं. झोपेचं स्वतःचंही काही काम असतं हे पुढे कळलं, पण 'मागचं सपाट' होण्यात पुढच्याचा हात असतो, हे टिकलं.

अजून एक. पुढचं मागच्यासारखं असेल तर घोळ जास्त. सतराच्या पाढ्याचा अठराच्याशी गोंधळ होतो, मनाच्या श्लोकांशी होत नाही. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांत पोरं अडखळतात ती याचमुळे. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक' पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! भाषा बुडाल्याची ओरड झाली, मुलांच्या डोक्यावरच्या ओझ्याबद्दल फार थोडे बोलले. असो, हे विषयांतर.

वऱ्हाडी ठेचा: उलटं होत नाही का? मागचं पाठ म्हणून पुढचं बसतच नाही. एटीएमचा पिन बदलला तरी बोटं जुनाच दाबतात.

गिरमिट: होतं, हमखास होतं. त्याला मात्र म्हण नाही आपल्याकडे. मुंबईत स्टेशनचं नाव 1996 साली बदललं, 2017 साली आणखी एकदा बदललं, तरी टॅक्सीवाल्याला 'व्हीटी' म्हणणारे आहेतच.

दिवेलागण: व्हीटीवाल्यांना नवं नाव ठाऊक असतं हो. जिभेला वळण पडलंय, एवढंच. विसर नव्हे.

गिरमिट: मान्य. आणि तुम्ही 'वळण' म्हणालात, तर मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तिथेच आहे. मराठीत शिकण्याच्या शब्दांची दोन वेगळी घराणी आहेत. एक तोंडाचं: पाठ, तोंडपाठ, मुखोद्गत, घोकणं, संथा. दुसरं हाताचं, अंगाचं: वळण, गिरवणं, हात बसणं, अंगवळणी पडणं. 'मागचं सपाट' पहिल्या घराण्यालाच लागतं. पोळ्या लाटायला शिकलं म्हणून सायकल सपाट होत नाही.

हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसावर 1953 साली फेफऱ्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नव्या घटना त्याच्या ध्यानात राहीनात. जेवलेलं जेवण, भेटलेला माणूस, सगळं काही मिनिटांत गेलेलं. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दुहेरी रेघांची चांदणी, दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशामुळे हात उलटा जातो, सगळ्यांचाच जातो. तीन दिवसांत त्याच्या चुका झपाट्यानं कमी झाल्या. आणि रोज त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय. 2008 साली तो वारला, तेव्हा त्याचं पूर्ण नाव जाहीर झालं.

शंकेखोर: आता खटकण्याचं कारण सापडलं. मग शब्द कुठला घालू? 'स्मृतिभ्रंश' कथेच्या सुरात बसत नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा वाटतो.

कारकून: 'साठी बुद्धी नाठी' कुणी सुचवायच्या आत सांगतो, नको. ते हिणवणं आहे. 'म्हातारचळ' तर त्याहून नको, त्याचा अर्थच वेगळा.

वऱ्हाडी ठेचा: 'त्याईच्या ध्यानात राहत नाही.' बस. आमची आजी असंच म्हणे.

दिवेलागण: अगदी. 'ध्यानात राहत नाही' मध्ये दोष माणसावर येत नाही. 'विसरतात' म्हटलं की कुठेतरी त्यांचीच चूक वाटते. कथेत आजोबा हातानं काही करतात का?

शंकेखोर: करतात. अडकित्त्यानं सुपारी कातरतात. अगदी पातळ, कागदासारखी. लेखिकेनं ते दोन पानं आधी लिहिलंय आणि मग सोडून दिलंय.

दिवेलागण: मग तिला सांगा, 'पानं घ्यायची नाहीत का' विचारतानाही अडकित्ता चालूच राहू दे. म्हण काढून टाका.

शंकेखोर: कळवलं. तिचं उत्तर आलं: म्हण काढते, पण तीच म्हण नातवाच्या परीक्षेच्या प्रसंगात घालू का, विचारतेय. तो इतिहास पाठ करताना भूगोल विसरतो.

कारकून: तिथे खुशाल घाला. फक्त 'सपाठ' छापू नका.