शोरूमवाल्याशी बोलायचं कसं? (पहिली गाडी, कराड)

कोयनाकाठची:

नमस्कार मंडळी,

गाडी घ्यायचीय. माझ्या पगारातून, माझ्या नावावर, पहिलीच. मी प्राथमिक शिक्षिका. राहायला कराडला, शाळा पाटण तालुक्यात. एसटीचं आणि शाळेचं वेळापत्रक कधी जुळलं नाही म्हणून इतकी वर्षं स्कूटीवर काढली, पण आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

गाडी ठरलीय. १२०० सीसीच्या आतली छोटी पेट्रोल, एएमटी गिअरवाली (म्हणजे क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात). कृपया "त्यापेक्षा अमुक घ्या" सुरू करू नका, ते भांडण घरी होऊन मिटलंय. माझा प्रश्न शोरूमचा आहे.

आमच्या मिस्टरांना गाडी येत नाही. लायसन्स नाही, हौसही नाही. सोबत म्हणून आले होते. तर तो सेल्सचा मुलगा मायलेज, ग्राउंड क्लिअरन्स, सर्व्हिसचा खर्च सगळं त्यांना सांगतोय. माझ्याकडे वळला तो सनव्हायझरच्या मागचा आरसा दाखवायला आणि "मॅडमना कलर कोणता?" विचारायला. टेस्ट ड्राइव्हची किल्ली सरांच्या हातात. सरांनी ती माझ्या हातात दिली, तर म्हणतो, "मॅडम चालवणार? मग आतल्या रोडनेच जाऊ." मला गाडी चढावर थांबवून मागे येते का ते बघायचं होतं. चढ काही त्याने दाखवला नाही. शोरूमला एक फेरी मारून परत आणलं.

मग कोटेशन. एक्स-शोरूम (आरटीओ-विमा धरायच्या आधीची किंमत) ७,२०,०००. आरटीओ ८६,०००. इन्शुरन्स ४३,०००. एक्स्टेंडेड वॉरंटी १४,५००. "बेसिक किट" १६,५००. "लॉजिस्टिक" ७,०००. फास्टॅग ५००. त्यातून "स्पेशल डिस्काउंट" २२,५०० वजा करून ८,६५,०००. मी किट कशाचं विचारलं तर म्हणाला, "मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर... सगळ्यांनाच लागतं." इन्शुरन्स बाहेरून घेऊ का म्हटलं तर, "घ्या, पण मग क्लेमला आमच्याकडे येऊ नका." वर "ही ऑफर आजच्या आजच, उद्याचं मी सांगू शकत नाही." असं म्हणून आत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला, परत आला आणि आणखी दोन हजार कमी झाल्याची बातमी सरांना दिली!

लोन चार लाखांचं, पाच वर्षांचं. त्यांच्याकडे "फक्त ६ टक्के". आमच्या शिक्षक बँकेत ९ म्हणतात.

पाच हजार भरून बुकिंग करा, रिफंडेबल आहे म्हणाले. भरले नाहीत. आता रोज फोन येतायत, तेही मिस्टरांना, कारण नंबर त्यांचा लिहून घेतला.

यात खरं काय, फुगवलेलं काय? आणि या लोकांशी बोलायचं कसं?

---

बिनधास्त_बापू:

सख्ख्या भावाला नाहीतर दिराला पाठवा. बायकांना बघून रेट वाढवतात हे उघड गुपित आहे. आणि घासाघीस करून मिळतं काय शेवटी, गाडी आहे, मंडईतली मेथी नाही.

---

शोरूम_सोडलेला:

बापू, ताईंचा भाऊ गेला तरी किट १६,५०० चंच राहणार. थांबा जरा.

ताई, मी सात-आठ वर्षं याच धंद्यात होतो, कोल्हापूर-सांगली पट्ट्यात. आधी सेल्स कन्सल्टंट, मग टीम लीडर. आता शेती आणि पोल्ट्री बघतो, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

पहिलं म्हणजे तो पोरगा गाडी विकत नाही. गाडी कंपनीची जाहिरात विकते. त्याचा फिक्स पगार तुटपुंजा असतो, उरलेलं इन्सेन्टिव्हवर. आणि इन्सेन्टिव्ह फक्त गाडीवर मिळत नाही. रोज सकाळच्या मीटिंगला फळ्यावर लिहिलेलं असायचं: इन्शुरन्स किती टक्के गाड्यांना आपल्याकडून गेला, अ‍ॅक्सेसरीज गाडीमागे सरासरी किती रुपयांच्या, फायनान्स किती, वॉरंटी किती, एक्सचेंज किती. गाडी विकूनही अ‍ॅक्सेसरीजचा आकडा पडला तर टीम लीडर सगळ्यांसमोर धुवायचा. मीही धुतलंय पोरांना. नव्या गाडीवर डीलरला सुटतं फार थोडं. बाकीची कमाई या वरच्या ओळींत आहे. म्हणून तुमची घासाघीसही तिथेच व्हायला पाहिजे. एक्स-शोरूमवर डोकं फोडण्यात अर्थ नाही.

आता तुमचा कागद बघू. किट १६,५०० आणि लॉजिस्टिक ७,०००, झाले २३,५००. डिस्काउंट २२,५००. कळलं ना? आधी तुमच्या पानात वाढलं, मग तेच उचलून परत दिलं, वर हजार त्यांच्याकडे राहिले. केबिनमधून आणलेले दोन हजार त्याच्या आधीच खिशात होते. मॅनेजर आत बहुतेक वेळा मोबाईल बघत बसलेला असायचा. पोरगा आत जाऊन पाणी पिऊन यायचा.

लॉजिस्टिक, हँडलिंग, डेपो चार्ज, नावं काहीही असोत, सरकारी फीच्या कुठल्याच यादीत ती ओळ नाही. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्ये धरलेला असतो. ती काढा म्हणायचं. भांडायचं नाही, नुसतं विचारायचं, "याची पावती कुठल्या नावाने देणार?"

आरटीओचं गणित सोपं आहे. आपल्या महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला, किंमत दहा लाखांच्या आत असेल तर एकरकमी कर ११ टक्के. ७,२०,००० वर होतात ७९,२००. वर नोंदणी, स्मार्ट कार्ड, लोन असेल तर बोजा चढवायची फी. ८२-८३ हजारांच्या पुढे आकडा गेला की वरचे कशाचे ते विचारायचं. कर भरल्याची पावती ऑनलाइन निघते, "ती पावती मला लागेल" हे बुकिंगच्या आधीच सांगून ठेवा. एवढ्या वाक्याने कित्येक कोटेशनं दोन-तीन हजारांनी उतरलेली मी पाहिलीयत.

जीएसटी कमी झाल्याचा फायदा "आम्ही देतोय" असं कुणी म्हणालं तर हसून सोडा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुमच्या गटातल्या गाड्यांवर २८ चा १८ टक्के झाला, सेसही गेला. ते एक्स-शोरूममध्ये आधीच उतरलंय. डिस्काउंटच्या रकान्यात ते परत दाखवता येत नाही.

लोन. "६ टक्के" म्हणजे फ्लॅट. चार लाखांवर पाच वर्षं सरळ सहा टक्के म्हणजे १,२०,००० व्याज, हप्ता ८,६६७. मुद्दल दर महिन्याला कमी होतंय, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या चार लाखांवरच चालू. घटत्या शिलकीवर धरलं तर हा दर जवळजवळ ११ टक्के पडतो. तुमच्या शिक्षक बँकेचे ९ टक्के घटत्या शिलकीवर असतील, तर हप्ता ८,३०० च्या आसपास. पाच वर्षांत २१-२२ हजारांचा फरक. दर विचारूच नका, हप्ता किती आणि महिने किती एवढंच विचारा, बाकी गुणाकार तुम्ही पोरांना शिकवताच.

"आजच्या आज" बद्दल. कंपनीची स्कीम साधारण महिन्याची असते. ती महिन्याअखेर संपते आणि बहुतेक वेळा पुढच्या महिन्यात नाव बदलून परत येते. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस आमचे हाल कुत्रा खायचा नाही, रिटेलचा आकडा पुरा करायचा असतो. तेव्हा जा. दसरा-पाडव्याच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा हार घालायला आणि फोटो काढायला माणसं पुरत नाहीत, तुमच्याशी बोलणार कोण? याउलट पितृपक्षात शोरूममध्ये माश्या मारत बसायचो. त्या दिवसांत येऊन जे बोलले त्यांना आम्ही जे दिलं ते एरवी कुणाला दिलं नाही.

आणि तो मुलगा सरांशीच बोलतो म्हणालात. ट्रेनिंगमध्ये शिकवतात, निर्णय घेणारा माणूस आधी ओळखा. आपल्याकडे तो पॅन्ट घातलेलाच असतो असं धरून चालतात. त्याला सुधारत बसू नका. सेल्स मॅनेजरला सांगा, माझ्यासाठी दुसरा कन्सल्टंट द्या आणि नंबर माझा लिहा. आज बऱ्याच शोरूममध्ये मुली आहेत सेल्सला आणि माझ्या बघण्यात त्या जास्त नीट माहिती देतात. नाहीच जमलं तर सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्हीकडून त्याच गाडीचं कोटेशन मागवा. कराडचं पासिंग करून देणार का ते तेवढं आधी विचारा. दुसऱ्या गावचा कागद टेबलावर ठेवला की आवाज आपोआप बदलतो.

टेस्ट ड्राइव्ह परत मागा, चढावर. एएमटी घेताय आणि रस्ता तुमचा पाटणचा, मग चढावर गाडी उभी करून सोडून बघितल्याशिवाय पैसे देऊच नका. "डेमो कार बिझी आहे" म्हणाले तर "मोकळी झाली की फोन करा, तोवर बुकिंग थांबवते".

उरलेले पैसे भरायच्या आधी तुमच्या गाडीचा चॅसिस नंबर आणि बनल्याचा महिना लेखी घ्या. आरसीवर तो महिना छापून येतो, त्यामुळे लेखी खोटं सहसा देत नाहीत. यार्डात धूळ खात पडलेली गाडी नवी म्हणून खपवायची सगळ्यांनाच घाई असते, कारण उभ्या गाडीवर डीलरला बँकेचं व्याज चालू असतं. जुनी घ्यायला हरकत नाही, पण मग डिस्काउंट जुन्याचा पाहिजे.

एक आतली गोष्ट. डिलिव्हरीनंतर कंपनीचा फोन येतो, सेवा कशी होती म्हणून. "मॅडम, दहापैकी दहा द्या" असं पोरगं पेढ्यांबरोबर सांगतं, कारण नऊ दिले तरी त्याचे पैसे कापले जातात. धमकी देऊ नका. पण हे तुम्हाला माहीत आहे, एवढं त्याला कळलेलं बरं.

---

विम्याचा_पोपट:

वरच्यांनी विमा सोडलाय, तो मी घेतो.

"क्लेमला आमच्याकडे येऊ नका" हे निव्वळ घाबरवणं. डीलरकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या २०१७ च्या नियमावलीत ग्राहकाचा हक्क स्पष्ट आहे. कॅशलेस (दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणं) मिळणं हे विमा कंपनी आणि त्या वर्कशॉपचा करार आहे का यावर असतं. तेवढं एक विचारून घ्या: तुमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये कुठल्या कुठल्या कंपन्यांचं कॅशलेस चालतं? यादी घ्या आणि त्यातलीच कंपनी बाहेरून घ्या.

आता आकडे. नव्या गाडीला थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) तीन वर्षांचं एकदम घ्यावं लागतं, सप्टेंबर २०१८ पासून. १००० ते १५०० सीसीला २०२२ साली ठरलेला दर १०,६४०, अधिक जीएसटी. हा सगळीकडे सारखाच, त्यात कुणी सूट देऊ शकत नाही. सूट असते ती ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) आणि झिरो डेप (पार्टची घसारा-कपात नाही), इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन गेलं तर), रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम) वगैरे जोडण्यांत. म्हणून नुसता "४३ हजार" हा आकडा निरुपयोगी, त्याची फोड मागा.

बाहेरचं कोटेशन स्वस्त दिसलं तर आयडीव्ही बघा, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. नव्या गाडीला तो साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, म्हणजे तुमच्या गाडीला ६,८४,०००. कुणी साडेपाच लाख टाकून प्रीमियम कमी दाखवत असेल तर ते स्वस्त नव्हे. आयडीव्ही सारखा, जोडण्या सारख्या, मग तुलना.

तुमच्या पाटण रस्त्याला, पावसाळ्यात, इंजिन प्रोटेक्ट मी घेईन. चावी हरवण्याचं कव्हर सोडून द्या.

---

एडिसनकर:

न्यू जर्सीतून. इथेही तेच, फक्त खुर्च्या जास्त मऊ. आम्ही शोरूममध्ये जाऊन भाव करतच नाही. चार-पाच डीलरना एकच ईमेल, "सगळं धरून दारातून बाहेर पडायचा आकडा सांगा", आणि सगळ्यात कमीवाल्याचं उत्तर बाकीच्यांना पुढे पाठवायचं. इथे नवीन येणारी देशी मंडळी ही विद्या पहिल्याच महिन्यात शिकतात. (रविवारी इथे गाड्यांची शोरूम कायद्यानेच बंद, त्यामुळे एक दिवस तरी फोन येत नाहीत.) कराडला ईमेलऐवजी व्हॉट्सअ‍ॅप करा, पण मागायचं लेखीच.

---

बिनधास्त_बापू:

बरं बाबा, भावाला नका पाठवू. पण रोखीने काही देऊ नका हे कुणी सांगितलंच नाही. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख कायद्याने चालत नाही आणि त्याच्या आत दिली तरी शोरूमच्याच खात्याची पावती पाहिजे, पोराच्या फोनपेवर पाच हजारही टाकू नका.

---

कोयनाकाठची:

सगळ्यांचे आभार, बापूंचेही.

काल रात्री सेल्स मॅनेजरला माझ्या नंबरवरून मेसेज टाकला. लॉजिस्टिक कशाचं, आरटीओची पावती मिळेल का, विम्याची फोड द्या, कन्सल्टंट बदला. सकाळी उत्तर आलं. लॉजिस्टिक "चुकून" धरलं गेलं होतं म्हणे. आरटीओ ८२,५०० वर आलं. विमा बाहेरचा चालेल, कॅशलेसच्या कंपन्यांची यादी पाठवली. नवीन मुलगी दिलीय, तिने आल्या आल्या विचारलं की चढावर चालवून बघितली का! सांगलीच्या कोटेशनचीही वाट बघतेय. लोन शिक्षक बँकेतूनच. पितृपक्षाचा विषय मात्र सासूबाईंसमोर काढायची माझी हिंमत नाही, महिनाअखेर बघते.

एकच अडलंय. किट "कम्पल्सरी आहे, सिस्टिममधून काढता येत नाही" म्हणतायत. डिस्काउंटही आता १५,००० वर आणलाय.

---

शोरूम_सोडलेला:

काढता येतं. "किट घेतल्याशिवाय गाडी देणार नाही" असं डीलरशिपच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. आणि सांगलीचा कागद आल्याशिवाय डिस्काउंटवर एक शब्द बोलू नका.